तरंगणारा दोर, ताणणारा दोर

स्टीलचा पेला घ्या, पाणी भरा. घरात दोराचा जो तुकडा सापडेल, माळ्यावरच्या ट्रंकेला बांधलेला, गॅलरीत कपडे वाळत घालायचा, टेम्पोवाला विसरून गेलेला, त्याचं दोन बोटांएवढं टोक कापा. साबणाचा थेंब लावून चोळा, म्हणजे आत अडकलेली हवा निघेल, आणि पेल्यात सोडा. वर राहिला तर पॉलिप्रोपिलीन नाहीतर पॉलिथिलीन. तळाला गेला तर नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिप्रोपिलीनची ०.९१, नायलॉनची १.१४ आणि पॉलिएस्टरची १.३८. पेल्यात दिसतं तेच समुद्रात होतं.

कायाकसाठी किंवा छोट्या होडीसाठी दोर घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिलं विचारतो, "मजबूत आहे ना?" मीही तेच विचारायचो. माझ्या मामीचे वडील वरळी कोळीवाड्यातले तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. त्या आजोबांनी मला प्रश्नच बदलून दिला. "पोरा, मजबुती शेवटी विचार. आधी ठरव, दोर वर राहायला पाहिजे की खाली जायला? ताणायला पाहिजे की ताठ राहायला?"

त्यांचं म्हणणं आकड्यांतही बसतं. ८ मिलिमीटरचा साधा पॉलिप्रोपिलीनचा दोर तुटायला एक टनाच्या आसपास ओढ लागते. कायाक, आत बसलेला माणूस आणि त्याचा जेवणाचा डबा मिळून दीडशे किलोही होत नाहीत. म्हणजे मजबुती बहुतेक दोरांत असतेच. मग ४ मिलिमीटरचा का नको? कारण ओल्या हाताने बारीक दोर ओढला की तो तळव्यात रुततो. कायाकच्या दोराची जाडी ८ ते १० मिलिमीटर ठेवायची ती आपल्या मुठीसाठी.

दोर किलोवर

क्रॉफर्ड मार्केटच्या मागे नागदेवी स्ट्रीटला दोर घ्यायला गेलात तर मीटरचा भाव विचारू नका. तिथे वेटोळं तराजूवर चढतं. पॉलिप्रोपिलीन हलकं, नायलॉन जड; त्यामुळे ८ मिलिमीटरचा पहिला दोर किलोला साधारण ३३ मीटर भरतो, दुसरा २४-२५ मीटर. दोन भावांची तुलना करताना हे गणित डोक्यात असू द्या. आणि रंगावर जाऊ नका. पिवळा दिसला की पॉलिप्रोपिलीन असं बहुतेक वेळा खरं ठरतं, पण तेच निळंही मिळतं, हिरवंही, पांढरंही. खात्री पेल्यातच होते.

दुसरी खात्री काडीपेटीने. खिडकी उघडा, तुकडा चिमट्यात धरा, टोक पेटवा. पॉलिप्रोपिलीनला विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो. पॉलिएस्टर काळा धूर सोडतं. नायलॉन वितळून कडक मणी होतो. सुती दोराला कागद जळल्याचा वास आणि हाताला भुरभुरीत राख. काथ्याचा दोर जळून राख झाली, तरी हलवेपर्यंत त्या राखेत पीळ तसाच दिसतो. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही" असं म्हणणाऱ्याने ते चुलीपुढे बसून पाहिलेलं असणार.

कुठे कुठला

नांगराला नायलॉन, यात मला शंका नाही. नायलॉन तुटण्याआधी स्वतःच्या लांबीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ताणतो. लाट होडीला उचलते तेव्हा तो हिसका दोर पोटात घेतो. नांगर उखडत नाही आणि होडीची कडीही निसटत नाही. शिवाय तो बुडतो, त्यामुळे शेजारून जाणाऱ्या बोटीच्या पंख्यात सापडत नाही. याच ताणण्याची दुसरी बाजू भयंकर आहे. ताणलेला नायलॉन तुटला तर चाबकासारखा परत येतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीही उभं राहायचं नाही. कोळीवाड्यातली पोरं हे चालायला लागल्यावर शिकतात.

शिडाला पॉलिएस्टर, कारण ते फारसं ताणत नाही, उन्हाला टिकतं आणि ओलं झालं तरी तितकंच मजबूत राहतं.

पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकायचा दोर मात्र तरंगणाराच. पिवळाधमक किंवा केशरी, १५ ते २० मीटर, पिशवीत सैल भरलेला. गुंडाळून ठेवला तर ऐन वेळी गुंता होतो. हाताहाताने पिशवीत कोंबत गेलात तर सरळ सुटत येतो. एक टोक हातात धरायचं. मनगटाला वळसा द्यायचा नाही, कमरेला बांधायचा नाही. पलीकडचा माणूस प्रवाहात ओढला गेला, तर तुम्हीही जाल.

कायाकच्या पुढच्या टोकाला बांधायला ३ मीटर पुरे. कायाक उलटली आणि दोर सुटून लोंबला, तर तो पायात अडकण्याइतका लांब नसावा. मोटरची होडी असेल तर मोजमाप आणखी सोपं: पुढच्या टोकाचा दोर मागच्या पंख्यापर्यंत पोहोचता कामा नये.

भरतीला बांधलं, ओहोटीला टांगलं

मुंबईच्या समुद्राची एक गंमत सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती इथे दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि पुन्हा मध्यरात्री येते. गिरगाव चौपाटीवर भर दुपारी पाणी थेट वर आलेलं दिसलं तर तिथी न पाहताही ओळखता येते. अशा दिवशी भरती ४.५ मीटरच्या वर जाते, आणि सहा तासांत पाणी चार मीटर उतरू शकतं. एका मजल्याहून जास्त!

मी कोळीवाड्याच्या धक्क्याला कायाक बांधली ती अशाच एका दुपारी. पाणी धक्क्याच्या काठाशी होतं. दोर आखूड घेतला, दोन-तीन घट्ट गाठी मारल्या आणि मामीकडे बोंबलाचं कालवण खायला गेलो. तीन तासांनी परत आलो तर कायाक नाकावर टांगलेली, शेपूट चिखलात, आणि दोर इतका तटतटलेला की गाठीत नखही शिरेना. पुढची कडी वाकायला लागली होती. आजोबांनी मला बाजूला उभं केलं, स्वतः दोराच्या रेषेबाहेर सरकले आणि जाळी कापायच्या सुरीने एका फटक्यात दोर कापला. मग तोच दोर घेऊन त्यांनी मला बोलाईनची गाठ शिकवली. कितीही ताण आला तरी ती सरकत नाही आणि ताण गेला की बोटांनी सुटते. गाठ येईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

त्या दिवसापासून हिशेब पाठ आहे. ओहोटीला ३ मीटर पाणी असेल तिथे उधाणाला ७ मीटर होतं. नांगराचा दोर खोलीच्या पाचपट लागतो, तो भरतीच्या खोलीवर मोजायचा: ३५ मीटर. तीनला पाचाने गुणून १५ मीटर सोडलात तर संध्याकाळी होडी नांगरासकट दुसरीकडे.

आणि सुरी! कोंढाण्यावर १६७० मध्ये सूर्याजी मालुसऱ्यांनी गडाचे दोर कापले असं सांगतात; त्यावरून 'परतीचे दोर कापणे' मराठीत आहे. पाण्यावर उलट होतं: अडकलेला दोर कापता आला तरच परत येता येतं. कायाकमध्ये हाताला लागेल अशा जागी सुरी हवीच.

हंडीचं गणित

लालबागच्या चाळींमध्ये हंडी बांधताना पाहिली आहे? दोर दोन्ही गॅलऱ्यांमधून थोडा झुकलेला असतो. कुणी उत्साही पोरगा "अजून ताणा" म्हणाला की जुनी मंडळी ओरडतात, आणि बरोबर ओरडतात. १० किलोची हंडी मधोमध असताना दोर ३० अंश झुकलेला असेल, तर प्रत्येक टोकावर ताण १० किलोचाच. झोक ५ अंशांवर आणला की तोच ताण ५७ किलो! दोर पूर्ण आडवा तर कुणालाच ताणता येणार नाही. दोन खांबांमध्ये होडी बांधताना म्हणूनच ढील ठेवायची.

गाठीचंही असंच. गाठ मारली की दोराची ताकद गाठीपाशी तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही घटते. दोर तुटला की बघा, बहुधा गाठीच्या तोंडाशी तुटलेला असतो. पेड उकलून ते एकमेकांत विणून केलेला सांधा ताकद जवळजवळ सगळी राखतो. तो करायला वेळ लागतो, पण नांगराच्या टोकाला तोच करावा.

गिरणगावाचं सूत

ओला झाला की नायलॉन दहाएक टक्के कमजोर होतो. सुती धागा उलट ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो! कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी स्थापन केली. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात कापडगिरण्यांत इंजिनाच्या अवाढव्य चाकावरून मजल्यामजल्यावर ताकद पोचवायला सुती दोर वापरत. चाकाला खाचा, प्रत्येक खाचेत एक दोर. एखादा तुटला तरी बाकीचे काम ओढायचे.

मग होडीला सुती दोर का नाही? तो ओलसर राहून कुजतो. पण दादरला शिवाजी पार्कवर तो राजा आहे. श्री समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबावर मुली चढतात ती दोरी सुती असते. ती अंगाला धरते. नायलॉनवरून तसं घसरलं तर कातडी भाजेल. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये याच शिवाजी पार्कवर झाली. दोरीच्या मल्लखांबाला आधी वेत वापरत.

मागे मागे चालणारी माणसं

काळा घोड्याजवळचा साईबाबा मार्ग म्हणजे जुनी रोपवॉक लेन. लांबच लांब मोकळ्या पट्टीत माणसं मागे मागे चालत जहाजांचे दोर वळायची, त्या धंद्याचं हे नाव. जवळच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले. त्याच वाडिया घराण्याने बांधलेलं, १८१७ मध्ये इथे पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. ब्रिटिश नौदलाच्या दोरात चोरी पकडण्यासाठी एक रंगीत धागा वळलेला असायचा.

दोर टिकतो कशामुळे? धागे एका दिशेने वळतात, त्यांचे पेड उलट दिशेने, आणि तीन पेडांचा दोर पुन्हा पहिल्या दिशेने. प्रत्येकाला उकलायचं असतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याला अडवतो. म्हणून बाजारातला नेहमीचा तीन पेडी दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचा. उलटा गुंडाळलात तर त्याला आढ्या पडतात.

आणि जहाजाला खिळाच नसेल तर? कोकणापासून अरबस्तानापर्यंत काथ्याने शिवलेली जहाजं चालत. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून तसं एक जहाज गोव्यात बांधलं गेलं. फळ्या काथ्याने शिवल्या केरळच्या कारागिरांनी. 'कौंडिण्य' नावाने ते मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात आलं. त्याचं छायाचित्र मी आजोबांना दाखवलं. ते बराच वेळ फक्त शिवण बघत बसले.

राजाभोवतीचा दोर

लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं, इथल्या कोळी आणि व्यापारी मंडळींनी उभं केलेलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत मूर्तीभोवती कार्यकर्ते दोर धरून चालतात. शेकडो मुठी त्याला धरून ठेवतात. मीही तो धरला आहे. तासाभराने कळतं, खांद्याने ओढायचं नाही, नुसतं वजन द्यायचं. २०२५ मध्ये राजा ७ सप्टेंबरच्या सकाळी गिरगाव चौपाटीला पोचला तेव्हा पाणी चढलेलं होतं. विसर्जन झालं ते रात्री.

पोट उघडून बघा

यंत्राच्या बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा कोळीवाड्यात दोरांची तपासणी चालते, आणि ती घरच्या कायाकलाही लागू पडते. दोर दोन्ही हातांत धरून उलटा पिळा, पेड सुटे होतील, आत डोकवा. बाहेर रंग उडाला तरी आत चकचकीत असेल तर दोर जिवंत आहे. आत वाळू असेल तर गोड्या पाण्याने धुवा. वाळूचे कण आतून धागे कापतात. पॉलिप्रोपिलीनच्या अंगावर लव आली असेल, हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर ऊन त्याला खाऊन गेलं आहे. कितीही जाड असो, त्याच्या भरवशावर पाण्यात उतरू नका.

माझ्या कापलेल्या दोराचा मोठा तुकडा आजोबांनी असाच पिळून बघितला. आत तो नव्यासारखा होता. त्यांनी कापलेलं टोक मेणबत्तीवर धरलं, ओल्या चिंधीत दाबून गोल केलं आणि दोर मला परत दिला. आज तो माझ्या कायाकच्या पुढच्या टोकाला आहे, बरोबर ३ मीटर.