केळीचे ठसे, मृगाचे किडे आणि तीन फुटांवरची भिंत

घड उतरवला की केळीच्या झाडाचे काम संपते. एक झाड एकदाच फळ देते. मग त्याचे खोड कापून बांधावर टाकतात. रावेर, यावलपासून तापीच्या काठाने अशा खोडांचे ढीग दिसतात. त्यातल्या एका खोडाचा चार बोटे जाडीचा आडवा काप घ्या, त्याची एक साल सुटी करा, निळ्या रंगात टेकवून कागदावर दाबा. चंद्रकोर उमटते, आणि तिच्या पोटात ओळीने जाळीदार घरे. ही हवेची घरे असतात म्हणूनच खोड एवढे जाडजूड असूनही हलके असते आणि पुराच्या पाण्यावर तरंगते. जामनेरच्या एका अंगणवाडीत मी हा ठसा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा चार वर्षांच्या एका मुलीने कोरीखाली बोटाने एक उभी रेघ ओढली आणि जाहीर केले, “छत्री!” त्या दिवसापासून बालवाड्यांच्या पावसाळी भिंती बघत फिरण्याचा मला नाद लागला.

जूनमध्ये बहुतेक बालवाड्यांच्या भिंतींवर एकच पाऊस पडतो. फोम शीटचा ढग, चमकीचे थेंब, बाजारातून आणलेला मोर, कोपऱ्यात रंगीत छत्री धरलेली गोरीपान मुलगी. ताई रात्री जागून हे सगळे लावतात आणि ते दिवाळीपर्यंत हलत नाही. ताईंच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण अशी भिंत मुलांची नसते. मुलाने तिथे काही केलेले नसते आणि बऱ्याचदा त्याला ते दिसतही नाही. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर, म्हणजे डोळे जमिनीपासून तीन फुटांवर. आपण सजावट लावतो ती आपल्या डोळ्यांसमोर, पाच फुटांवर. माझा आग्रह साधा आहे: पावसाळी भिंत तीन फुटांवर असावी, मुलांच्या हाताची असावी आणि मृगापासून कोजागरीपर्यंत पावसाबरोबर बदलत जावी.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगतो. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी माँटेसरी साधने खेड्यात परवडत नाहीत, म्हणून या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने मानली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आता पुन्हा भिंतीकडे येतो.

पहिला पाहुणा मृगाचा किडा. सूर्य मृग नक्षत्रात जातो जूनच्या 7-8 तारखेला, आणि पहिला दमदार पाऊस झाला की काळ्या रानात हे लाल मखमली जीव दिसू लागतात. मुलांसाठी याहून सोपे चित्र नाही. गेरूत किंवा लाल रंगात अंगठा बुडवायचा, कागदावर टेकायचा, की किडा तयार. पाय काढायचे ते मात्र मोजून. आपण त्याला किडा म्हणतो, पण तो कोळ्याच्या कुळातला आहे आणि मोठ्या किड्याला आठ पाय असतात. एका ताईंनी खरा किडा काचेच्या बरणीत ठेवून मुलांना पाय मोजायला लावले आणि नंतर मुलांकडूनच तो रानात सोडवला. त्या भिंतीवरच्या किड्यांना कुठे सहा पाय होते, कुठे अकरा. ताईंनी एकही खोडला नाही. मला ते फार आवडले.

ठशांसाठी केळीच्या जोडीला भेंडी आहेच. आडवी कापली की बहुतेक वेळा पाच पाकळ्यांचे फूल उमटते. केळीच्या अख्ख्या खोडाचा काप दाबला तर एकात एक गुंडाळलेल्या साली भोवऱ्यासारख्या उठतात. मुले त्याला डबके म्हणतात. एक सूचना: केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. त्या दिवशी मुलांना जुना सदरा घालून पाठवा, असे आयांना आदल्या दिवशीच सांगावे.

थेंबांसाठी चमकी लागत नाही. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा आणि कापसाच्या बोळ्याने त्यावर साबणाचे पाणी टिपायचे. पिवळ्यावर लालसर थेंब उमटतात. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे घरोघरी माहीत आहे. तेच इथे भिंतीवर येते. ढगासाठी कापूस आपल्याकडचाच, गेल्या हंगामातला घरात राहिलेला. तो लावण्याआधी एक गंमत करून बघा. पाण्याच्या भांड्यात थोडा घरचा कापूस टाका आणि थोडा औषधाच्या दुकानातला. घरचा तरंगत राहतो, कारण त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. दुकानातला तो थर धुऊन काढलेला असतो, म्हणून तो पाणी पिऊन खाली बसतो. पावसाळ्यात मुलांसाठी यापेक्षा चांगला प्रयोग मला सुचलेला नाही.

ओलाव्याचा त्रास मात्र खरा आहे. जळगाव जिल्ह्यात पाऊस तसा बेताचा, वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास, पण झड लागली की भिंती दमट होतात, खळ वाळत नाही, कागदाला बुरशी धरते. म्हणून चिकटवूच नये. तीन फुटांवर सुतळी बांधावी, कपड्यांचे चिमटे लावावेत. मुले स्वतः चित्र अडकवतात, स्वतः काढतात, आणि भिंत आपोआप बदलत राहते.

आता श्रावण, आणि माझा सगळ्यात आवडता कागद. श्रावणात अनेक घरांत भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. वर नरसिंह आणि कालियामर्दन कृष्ण, मध्ये मुलाबाळांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ घालतात, आई मुलांना ओवाळते. मुलांसाठी भिंत सजवण्याची ही आपली घरातलीच, फार जुनी रीत आहे. किती जुनी, तर महाभारताच्या सभापर्वात जरा राक्षसीची कथा येते. दोन तुकड्यांत जन्मलेल्या जरासंधाला तिने सांधले. तिथे ती स्वतःच सांगते की जो आपल्या घराच्या भिंतीवर मुलांसह तिचे चित्र काढील, त्याच्या घरी भरभराट होईल. ही गोष्ट घडते मगधातल्या गिरिव्रजात, म्हणजे राजगृहात.

आता जामनेरहून पहूरमार्गे फर्दापूरच्या रस्त्याला लागा आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात जा. पाचव्या शतकातले हे लेणे. आत उजव्या हाताच्या देवळीत हारिती बसली आहे. मुले खाणारी ही यक्षिणीही राजगृहाचीच. बुद्धाने तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपवले, तेव्हा तिला आईचे दुःख कळले आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. एकाच नगरातल्या दोन राक्षसिणी, दोघी मुलांच्या देवता झालेल्या, आणि दोघींना जागा भिंतीवर! हारितीच्या आसनाखालची पट्टी वाकून बघा. तिथे चक्क शाळा कोरली आहे. गुरुजींच्या हातात छडी, पुढची मुले अभ्यासात, मागची एडक्यांशी खेळण्यात गुंग. सगळी मंडळी वर बघत असताना मी प्रत्येक वेळी या पट्टीपाशी जाऊन बसतो. आणि ती नेमकी खाली आहे, लहान मुलाला सहज दिसेल अशी.

पोळ्याला मुले मातीचे बैल करतात, त्या मातीच्या अडचणीचे उत्तरही मला अजिंठ्यातच मिळाले. आमची काळी माती कापसाला उत्तम, बैल करायला कठीण. ओली असताना फुगते, वाळताना आकसते, आणि दुपारी केलेला बैल सकाळी तडकलेला असतो. अजिंठ्याच्या कारागिरांनी चित्रांखालच्या गिलाव्यात मातीबरोबर भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे तंतू घातले होते. तंतू माती धरून ठेवतात. अंगणवाडीत तेच करावे. माती चाळून घ्यावी, त्यात थोडे शेण किंवा राख आणि पिंजलेल्या कापसाचे तंतू मळावेत, बैल लहान करावेत आणि उन्हात न ठेवता सावलीत वाळवावेत. शिंगांना पऱ्हाटीच्या काड्या. गाडी ज्वारीच्या चिपाडाची, पण चिपाड सोलण्याचे काम ताईंनीच करावे, त्याची साल बोट कापते. एका मुलाचा बैल पोटावर बसला होता. पाय का नाहीत, असे विचारल्यावर तो म्हणाला, “पानी पिऊन राह्यला ना तो.” त्या बैलासमोर ताईंनी लगेच केळीच्या ठशाचे निळे डबके आणून ठेवले.

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. ती नसती तरी बालवाडीत थर्माकोल आणू नये असेच मी म्हटले असते. त्याचे पांढरे मणी मुलांच्या नाका-तोंडात जातात, आणि ते कुठून आले हे मुलाला कळत नाही. कापूस कुठून आला हे मात्र जामनेरच्या तीन वर्षांच्या मुलालाही सांगावे लागत नाही.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागरीपर्यंत गाणी चालतात. मोठ्या बहिणींचे बघून बालवाडीतल्या मुलीही मातीची भुलाबाई-भुलोजी करायला बसतात, तेव्हा बैलांची उरलेली माती भिजवून कामी येते. सुतळीवरची चित्रे मी पाहिलेल्या एका ठिकाणी याच दिवसांत उतरवली जातात. प्रत्येक मुलाच्या चित्रांवर मागे महिना लिहिलेला असतो. जूनचा अंगठा, श्रावणातली छत्री, पोळ्याचा बैल असा गठ्ठा आईच्या हाती देतात. एकीने तो घेतल्या घेतल्या तिथेच किड्यांचे पाय मोजायला सुरुवात केली.