भर आणि भार

संगणकावरील खेळ हा विषय या पृष्ठावर गंभीरपणे मांडण्याजोगा आहे काय, अशी शंका काही वाचकांना येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या व्यवहारात असंख्य माणसे कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता वर्षानुवर्षे श्रम करीत राहतात, त्याकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने पाठ फिरवावी हे योग्य होणार नाही. जुन्या, गाजलेल्या खेळांत त्यांच्या चाहत्यांनी आपण होऊन घातलेली भर, म्हणजे खेळाडू ज्याला ‘मॉड’ म्हणतात ती, हा असाच एक व्यवहार होय.

भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९९९ रोजी. त्याच वर्षी डावपेचांचे दोन खेळ बाजारात आले: ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’चा तिसरा भाग आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा. जिल्ह्याच्याच वयाचे हे खेळ आमच्याकडील विद्यार्थी आजही खेळतात. जुनापुराणा संगणकही ते मुकाट्याने चालवितो, हे त्यामागील साधे आर्थिक कारण. मात्र एका विद्यार्थ्याने मजजवळ केलेली तक्रार मला विचार करावयास लावणारी वाटली. तो म्हणाला, “सर, खेळ मजेदार आहे, पण मित्रांकडे जी आवृत्ती आहे ती खेळायची तर आधी परीक्षेएवढा अभ्यास करावा लागतो.”

‘हीरोज’च्या मूळ खेळात आठ नगरी होत्या. प्रत्येक नगरीत सात पायऱ्यांचे सैनिक आणि प्रत्येकाचे एक साधे व एक सुधारलेले रूप. सोने, लाकूड, खनिज आदी सात प्रकारची साधनसंपत्ती मिळवावयाची, सात दिवसांच्या आठवड्याच्या हिशेबाने सैन्य उभारावयाचे आणि प्रतिस्पर्ध्यास नमवावयाचे. मर्यादित साधने व अमर्याद गरजा यांची सांगड कशी घालावी, हे प्रथम वर्षाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा हा खेळ अधिक चांगले शिकवितो, असे मी माझ्या सहकाऱ्यांचा रोष पत्करून म्हणेन. पुढे कंपनी बुडाली, परंतु खेळ चाहत्यांनी जगविला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी रशियन भाषक चाहत्यांच्या पुढाकाराने ‘वेक ऑफ गॉड्स’ ही भर तयार झाली. मूळ संगणकसंहिता हाती नसताना, तयार खेळाच्या आतड्यांत हात घालून त्यांनी हे काम केले. त्यांच्या कौशल्याला तोड नाही. सात पायऱ्यांवर आठवी आली, प्रत्येक नायकासोबत एक सेनानी आला, सैनिकांना अनुभवाचे गुण मिळू लागले. अखेरीस यांपैकी काय हवे व काय नको हे ठरविण्यासाठी पर्यायांची एक स्वतंत्र यादीच द्यावी लागली आणि ती शेकड्यांत गेली.

यातील एकेक सुधारणा सुटी पाहिली तर चांगलीच वाटते. प्रत्येकीमागे कोणाची तरी प्रामाणिक हौस आहे. मग एकत्रित परिणाम दमविणारा का ठरावा? नव्या गोष्टीची किंमत आपण एकटीची म्हणून धरतो, पण तिचा संबंध आधीच्या प्रत्येक गोष्टीशी जडत असतो, हे याचे पहिले कारण. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये आरंभी १३ संस्कृती होत्या. दोन भिन्न संस्कृती समोरासमोर येण्याचे प्रकार ७८. २०२२ साली संस्कृतींची संख्या ४२ झाली आणि प्रकार झाले ८६१. संस्कृती सुमारे सव्वातीनपट झाल्या, स्मरणावरील बोजा अकरापट झाला. धानाच्या एकाच बांधीत खताची पोती वाढवीत गेल्यास काय होते, हे आपल्याकडील शेतकऱ्यास ठाऊक आहे. येथे तर खत वाढते आणि बांधीही अधिक खोल होत जाते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भर मागणारा असतो दहा वर्षे मुरलेला खेळाडू. जुने सारे त्याला पाठ असते, त्यामुळे नवीन शिकण्याचा त्याचा खर्च नगण्य आणि कंटाळा घालविण्याचा लाभ मोठा. किंमत मोजतो तो उद्या येणारा नवखा, आणि मागणी नोंदविली जात असताना तो तेथे हजरच नसतो. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली संघटित गटांविषयी जे विवेचन केले, ते येथे थोड्या फरकाने लागू पडते: ज्यांचा लाभ एकवटलेला त्यांचा आवाज मोठा, ज्यांचे नुकसान विखुरलेले ते मूक. शिवाय चाहत्यांची भर विनामूल्य असते. बाजारात विक्री घटली की विक्रेत्याला निदान काही कळते. येथे किंमतच शून्य असल्याने तो लगामही नाही. (विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात प्रकरणे कशी वाढतात आणि कचेरीतील अर्जात रकाने कसे वाढतात, हे जाणणाऱ्या वाचकांस याहून अधिक सांगण्याची गरज नाही.)

हा अनुभव संगणकाबरोबर आला असे समजण्याचे कारण नाही. आपल्या बुद्धिबळाचाच इतिहास पाहावा. तैमूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुद्धिबळात पट मोठा करून त्यात जिराफापासून वेढ्याच्या यंत्रापर्यंत नवी मोहरी घातली गेली. ते आज अभ्यासकांपुरते उरले आहे. याउलट पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला दूरवर धावण्याची मुभा मिळाली. त्याने खेळ पार बदलला, परंतु पटावर एकही घर किंवा मोहरे वाढले नाही. ती सुधारणा टिकली. विसाव्या शतकात जगज्जेत्या कापाब्लांकाने ८० घरांचा पट व दोन नवी मोहरी सुचविली. एवढ्या थोर माणसाची सूचनाही रुजली नाही. १९९६ साली बॉबी फिशरने मात्र मागील रांगेतील मोहऱ्यांची मांडणी तेवढी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बदलण्याची कल्पना मांडली. त्यामुळे मांडण्या झाल्या ९६० आणि पाठांतर जवळजवळ निरुपयोगी झाले. २०१९ साली तिची अधिकृत जागतिक स्पर्धाही झाली.

आपल्याकडे देशी बुद्धिबळाचे नियम निराळे होते. प्यादे एकेक घरच पुढे सरकावयाचे, राजाला एकदा घोड्याप्रमाणे उडी घेता यावयाची, पलीकडच्या टोकास पोचलेले प्यादे त्या घरच्या मोहऱ्याचे रूप घ्यावयाचे. त्यातही प्रांताप्रांतांत फरक. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ १८१४ साली मुंबईत इंग्रजीत प्रसिद्ध झाला, तो युरोपीय पद्धतीला जुळवून घेऊनच. मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढला. युरोपीय नियम शिकून घेतल्यावर त्याने १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटनची अजिंक्यपदे जिंकली. देशी नियम गेले याची हळहळ मलाही वाटते, कारण प्याद्याने केलेल्या मातीला त्यात जो मान होता तो वेगळाच. पण नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तेथील ६४ घरे तिच्या घरच्या पटावरील घरांहून वेगळी नव्हती, याचेही मोल ध्यानी घ्यावयास हवे.

तर मग चाहत्यांनी हात आखडावा काय? तसे मला म्हणावयाचे नाही. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये भारतीय संस्कृतीला स्थानच नव्हते. ‘फरगॉटन एम्पायर्स’ ही चाहत्यांची भर २०१३ साली कंपनीने अधिकृत विस्तार म्हणून स्वीकारली आणि तीमधून भारतीय प्रथम पटावर आले. २०२२ मध्ये त्या एका सरधोपट नावाच्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड व गुर्जर अशा चार संस्कृती झाल्या. ८६१ च्या आकड्यात हीही भर आहे, आणि ती नको होती असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

‘हीरोज’च्याच बाबतीत ‘हॉर्न ऑफ द अबिस’ या दुसऱ्या चाहतागटाचे उदाहरण घ्यावे. २०११ च्या अखेरीस त्यांनी एक नगरी दिली, समुद्री चाच्यांची. दुसरी यावयास २०२४ उजाडले. मधल्या बारा वर्षांत त्यांनी काय केले? नकाशे केले, दोष काढले आणि मृतांना उठवून सैन्य फुगविण्याचे जे कौशल्य डाव बिघडवीत असे, त्याची धार कमी केली. वजाबाकीचे हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. स्पर्धेत खेळणारे अनेक खेळाडू आज याच आवृत्तीकडे वळलेले दिसतात.

आमच्याकडील तंत्रनिकेतनांत व संगणकशास्त्राच्या वर्गांत असा हात चालविण्याची हौस असलेली मुले आहेत. त्यांनी नववी पायरी व बारावी नगरी रचण्यापूर्वी खेळातील सूचना मराठीत आणण्याचे काम घ्यावे, असे मी त्यांना सुचविले आहे. कौशल्यांची वर्णने, इमारतींच्या अटी, चूक झाल्यास येणारा संदेश, एवढे झाले तरी आमगाव-देवरीकडील मुलाचा शिकण्याचा खर्च निम्म्यावर येईल. त्यांनी होकार दिला आहे. सध्या त्यांच्यात ‘मॅजिक’ला जादू म्हणावे की मंत्रविद्या, यावर वाद चालू आहे.