कांजीची पहिली पायरी : ऐंशी अक्षरे

जपानमधील मूल शाळेत पाऊल ठेवते, तेव्हा त्याची पहिली ओळख होते ती हिरागाना या लिपीशी आणि मग काताकानाशी. प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या या लिप्यांत, देवनागरीप्रमाणेच, अक्षराला ठरलेला उच्चार असतो. परंतु त्याच वर्षी कांजीचा अभ्यासही सुरू होतो. मूळ चीनमधून आलेल्या या अक्षरांना उच्चाराबरोबर अर्थही असतो. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ कांजी शिकाव्या लागतात. २०२०पासून लागू झालेल्या या यादीतील ८० पहिलीच्या वाट्याला येतात.

ही ऐंशी अक्षरे दिसायला सोपी आहेत. एक झाड म्हणजे ‘की’, दोन झाडे शेजारी मांडली की ‘हायाशी’ अर्थात राई, आणि तीन झाडांचे ‘मोरी’ म्हणजे अरण्य. झाडाशेजारी माणूस आला की होते विश्रांतीचे अक्षर. रेघा वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे, ठरलेल्या क्रमानेच काढण्याचा दंडक असतो. त्यामुळे अक्षराचे वळण हातात बसते.

खरी कसोटी वाचताना लागते. बहुतेक कांजींना चिनीवरून आलेला आणि अस्सल जपानी असे दोन्ही प्रकारचे उच्चार असतात. पहिलीतलेच ‘जीवन’ या अर्थाचे अक्षर ‘सेन्सेई’ (शिक्षक) या शब्दात ‘सेई’ होते, ‘इश्शो’ (आयुष्यभर) मध्ये ‘शो’, ‘इकिरु’ (जगणे) मध्ये ‘इ’ आणि ‘उमारेरु’ (जन्मणे) मध्ये ‘उ’. जपानी मुलाला हे शब्द आधीपासून बोलता येतात. त्याला केवळ अक्षर नवे असते.

पुण्यामुंबईत जपानी शिकणाऱ्या प्रौढाची स्थिती नेमकी उलट असते. त्याला शब्द आणि अक्षर दोन्ही नवे. शिवाय इयत्तांचा क्रम त्याच्या गरजेशी जुळत नाही. कीटक, बांबू आणि शिंपला पहिलीत भेटतात, खाणे आणि जाणे दुसरीत, रेल्वेस्थानक तिसरीत, तर ‘मी’ या अर्थाचे ‘वाताशी’ थेट सहावीत! कुत्रा पहिलीत येतो. मांजर मात्र प्राथमिक शाळेच्या यादीतच नाही.

म्हणूनच अनेक जण सारे उच्चार तक्त्यांतून घोकतात आणि थोड्याच दिवसांत धीर सोडतात. दोष बुद्धीचा नसतो, क्रमाचा असतो. पहिलीची ऐंशी अक्षरे वळणासाठी अवश्य गिरवावीत, कारण पुढील असंख्य कांजी त्यांच्याच जोडणीतून घडतात. उच्चार मात्र शब्दांतूनच पाठ करावेत. शब्द ओळखीचा झाला, की अक्षर आपोआप बोलू लागते.