क्रियापदांच्या वाटेने : निसटणाऱ्यांचे शब्द

जालन्यातल्या नववीच्या एका वहीत परवा एक वाक्य वाचलं आणि लाल पेन हातातच राहिलं. 'माझ्या गावाचा इतिहास' हा इंग्रजी निबंध. मुलीने माहिती मन लावून जमवली होती : नोव्हेंबर १६७९, शिवाजी महाराजांनी केलेली जालन्याची लूट, पाठीवर आलेली मोगल फौज. शेवटी लिहिलं होतं, 'शिवाजी महाराज रॅन अवे.' व्याकरण बिनचूक होतं, पण वाक्य चुकलं होतं.

'रन अवे' हा शब्द घर सोडून गेलेल्या पोराचा, उधळलेल्या घोड्याचा, रण टाकून निघालेल्या शिपायाचा. त्यात पाठ दाखवणं आलंच. आणि १६७९ साली घडलं ते वेगळं. जालना तेव्हा मोगल मुलखातली श्रीमंत पेठ होती. चार दिवस लूट चालली. परतीच्या वाटेवर संगमनेरच्या बाजूला मोगल सरदार रणमस्तखानाने मराठ्यांना गाठलं. लढाई झाली, तीत मराठा सरदार सिधोजी निंबाळकर पडले. मोगलांची आणखी कुमक येत होती. अशा वेळी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांनी आडवाटांनी, तीन दिवस आणि तीन रात्री चालवत, महाराजांना पट्टा किल्ल्यावर पोचवलं. अकोले आणि सिन्नर तालुक्यांच्या हद्दीवरचा हा किल्ला. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात.

यासाठी इंग्रजीतला नेमका शब्द 'गेट अवे'. पाठलाग झाला आणि पाठलाग करणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही, एवढं तो सांगतो. 'द मुघल्स चेज्ड देम, बट दे गॉट अवे.' बहिर्जींचं कसब दाखवायचं असेल तर 'इल्यूड' घ्यावा. त्यात हुशारीने चकवणं आहे. पिच्छा सोडवला असं म्हणायचं तर 'शेक ऑफ'. 'फ्ली' इथे अपुरा पडतो, कारण तो निघाल्याचं सांगतो, पोचल्याचं सांगत नाही. युद्धातून लेकराबाळांना घेऊन निघालेल्या निर्वासितांसाठी मात्र तोच योग्य, आणि तिथे त्याला भित्रेपणाचा वासही नसतो.

आता 'एस्केप'. त्याचं सगळं मर्म 'फ्रॉम' या छोट्या शब्दात आहे. कैदेत सापडून मग सुटलात तर 'फ्रॉम' हवा. १६६६ साली महाराज आग्र्याहून सुटले, म्हणून 'ही एस्केप्ड फ्रॉम आग्रा'. संकट अंगावर आलं पण तुम्ही त्यात सापडलाच नाहीत, तर 'फ्रॉम' गळतो. पट्ट्याच्या वाटेवर 'ही एस्केप्ड कॅप्चर', कारण महाराज पकडले गेलेच नव्हते. मराठीत पहिल्याला आपण 'सुटणं' म्हणतो, दुसऱ्याला 'वाचणं' किंवा 'बचावणं'. हा फरक आपल्या जिभेवर आधीपासून आहे. इंग्रजी लिहिताना तेवढा आठवावा.

या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'काप्पा' म्हणजे अंगावरचा झगा. धरणाऱ्याच्या मुठीत झगा उरतो, माणूस निघून गेलेला असतो. आग्र्यात महाराजांच्या जागी त्यांच्या बिछान्यावर पांघरूण घेऊन पडून राहिलेले हिरोजी फर्जंद इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आग्र्याच्या पहाऱ्यासाठी आणखी एक प्रयोग आहे : 'ही गेव्ह द गार्ड्‌ज द स्लिप.' यात पहारेकऱ्यांना काहीतरी 'दिलं' जातं, आणि मराठीही इथे 'देणे'च वापरते. आपण गुंगारा देतो, हातावर तुरी देतो. ज्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे वाण राज्यभर पोचवले, तिथल्या मुलांना हा वाक्प्रचार शिकवताना मला विशेष आनंद होतो. मात्र 'गिव्ह द स्लिप' वापरताना कोणाला चकवलं ते सांगावंच लागतं. पहारेकरी वगळले तर वाक्य लंगडं होतं.

'गेट अवे'ला 'विथ' जोडताना जपावं. 'गॉट अवे विथ द मनी' म्हणजे पैसे घेऊन पसार झाला. 'गॉट अवे विथ चीटिंग' म्हणजे कॉपी केली आणि शिक्षा झाली नाही. पुढे वस्तू आहे की कृत्य, यावर अर्थ फिरतो.

आणि 'हिज नेम एस्केप्स मी' : त्याचं नाव आठवत नाही. आपल्याकडे विसरणारे आपण असतो. इंग्रजीत नावच आपल्या हातून निसटतं.

वही परत देताना मी मुलीला हे सगळं सांगितलं. तिने 'रॅन' खोडून 'गॉट' लिहिलं आणि विचारलं, "सर, मग सिधोजी निंबाळकरांना कुठलं क्रियापद?" जे निसटत नाहीत, पाठीमागे उभे राहून शत्रूला थोपवतात, त्यांच्यासाठी इंग्रजीत 'होल्ड ऑफ' आहे. पावनखिंडीतल्या बाजीप्रभूंनाही तोच लागतो. पुढच्या आठवड्यात तो घेऊ.