चिखलात रोवलेल्या मेढी

पावसाळ्यात खोडाळ्याहून सूर्यमाळला बाइकवर गेलायत कधी? धुकं, उतारावरची नाचणी-वरई, रील्ससाठी दहा स्टॉप आणि घरी येताना बुटांना चिकटलेला पाव किलो चिखल. तो आपण नळाखाली धुऊन टाकतो. पुढच्या वेळी धुण्याआधी जरा त्याच्याकडे बघा. मी मास कॉमची, केमिस्ट्रीला बारावीतच रामराम ठोकलेली. तरी या चिखलाने मला पुन्हा केमिस्ट्रीच्या पुस्तकाकडे नेलं.

आपला बहुतेक सह्याद्री बेसॉल्टचा. हा खडक झिजला की काही ठिकाणी काळी माती होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते. असं का? तर तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याची रचना वहीच्या पानांसारखी. एकेका पानाची जाडी साधारण १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! पानांवर ऋण प्रभार असतो, म्हणून मधल्या फटीत सोडियम, कॅल्शियमचे धन आयन बसतात. पाणी आत शिरलं की पानं लांब सरकतात, वाळलं की पुन्हा चिकटतात.

आता आयडिया बघा. पानं उघडी असतानाच मध्ये मेढी रोवल्या तर? शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. ॲल्युमिनियमचे १३ अणू असलेला, +७ प्रभाराचा मोठा आयन सोडियमच्या जागी बसवला आणि माती साधारण ५०० अंश सेल्सिअसला तापवली. आयनाचा पक्का ऑक्साइडचा खांब झाला. आता माती वाळली तरी पानं मिटत नाहीत. बिल्डिंगखालचं स्टिल्ट पार्किंग आठवा, फक्त उंची जेमतेम ०.८ नॅनोमीटर. एकच खांब सात प्रभार सांभाळतो, म्हणून खांब दूरदूर उभे राहतात आणि मधली जागा मोकळी मिळते. खांबांची गर्दी झाली, तर हीच छिद्रं बुजतात.

ही जागा मोजायची कशी? माती उणे १९६ अंशांवर नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि किती वायू चिकटला ते बघतात. त्यावरून क्षेत्रफळ काढायचं सूत्र १९३८ सालचं, आजही तेच चालतं. उत्तर येतं ग्रॅमला २०० ते ४०० चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर मातीत कबड्डीची दोन मैदानं!

नुसती जागा नाही, पृष्ठभागाचा स्वभावही बदलतो. ॲल्युमिनियमचे खांब मातीला आम्लधर्मी करतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर जड खनिज तेल फोडायला म्हणूनच ही माती तपासली गेली. पण गरम वाफेत खांब ढासळले आणि रिफायनऱ्या झिओलाइटवरच राहिल्या. खांब लोखंडाचे असतील, तर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साथीने ही माती पाण्यातला कापडाचा रंग तोडते.

आणि इथे विषय आपल्या घरी येतो. सूर्यमाळ ज्या पालघर जिल्ह्याच्या डोंगरात आहे, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्याला तारापूर एमआयडीसी आहे. तिथे केमिकल आणि कापडाचे कारखाने आहेत आणि सांडपाण्याचा प्रश्न जुना आहे. मग माती खोदून तिकडे नेऊन टाकायची का? नाही! जास्त पावसाच्या उतारांवरच्या लाल मातीत बहुधा केओलिनाइट जास्त असतं. त्याची पानं एकमेकांना घट्ट धरून असतात, फुगत नाहीत, त्यामुळे मेढ रोवायला फटच मिळत नाही. शिवाय बीकरमधलं यश आणि रोज लाखो लिटर पाणी यात फार अंतर आहे. लोखंड हळूहळू पाण्यात सुटतं, माती पुन्हा वापरण्याजोगी करावी लागते, खर्च येतो.

पण हे अंतर कापणार कोण? तुमच्यापैकीच कोणीतरी ना! सुरुवात सोपी आहे. गावाकडची लाल आणि काळी माती आणा, सारख्या वजनाची. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना किंवा मॅडमना विचारून दोन्हीत मिथिलीन ब्लूचं सारखं द्रावण घाला, ढवळा, बसू द्या. कुठलं पाणी लवकर फिकं होतं ते लिहून ठेवा. कुजलेला पालापाचोळाही थोडा रंग धरतो, हे मात्र लक्षात असू द्या.

मग पुढच्या ट्रेकला बूट धुताना हात थोडा थांबेल. माझा तरी थांबतो.