गंजिफांचे त्रुटित संच व त्यांची परीक्षा

पोथीसंग्राहकांस त्रुटित पोथी अपरिचित नाहीं. आरंभींचीं दोन पत्रें गेलीं, समाप्तीचें पत्र वाळवीनें खाल्लें, तरी मधल्या पत्रांकांवरून ग्रंथाचा विस्तार अजमावतां येतो, आणि म्हणून अशी पोथी कोणी टाकून देत नाहीं. परंतु त्याच पेटींत तळाशीं गोल रंगीत पानांचा गठ्ठा निघाला, तर “गंजिफा दिसतात, अपुऱ्या आहेत” एवढें म्हणून तो मुलांच्या हातीं दिला जातो. अथवा त्यांतील राजांचीं सुरेख पानें निवडून घेऊन बाकीचीं परत पेटींत पडतात. दुसरा प्रकार पहिल्याहून वाईट. तो कां, हें प्रस्तुत टिपणांत सांगावयाचें आहे.

हा खेळ इराणाकडून आला. बाबरानें इ. स. १५२७ मध्यें सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे, व ऐन-इ-अकबरींत अबुल फजलानें खेळाचें वर्णन केलें आहे. गिरिधर कवीनें तर ‘गंजीफाखेलन’ नांवाची संस्कृत कृतीच रचिली आहे. मोगली गंजिफेंत आठ रंग, म्हणजे ९६ पानें. आपल्याकडील दशावतारींत दहा रंग, म्हणजे १२० पानें. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशीं बारा पानें असतात. ही बाराची संख्या परीक्षकाचा मुख्य आधार होय.

तुलनेकरितां विलायतेंतील एक वस्तु घेऊं. लंडनचा नकाशे कोरणारा जॉन स्पिल्सबरी यानें १७६० नंतरच्या दशकांत महोगनीच्या फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून करवतीनें कापला, व ते तुकडे जुळवून मुलांनीं भूगोल शिकावा अशी योजना केली. यांतूनच पुढें जिगसॉ नांवानें ओळखलें जाणारें चित्रकोडें निघालें. त्यांतला एक तुकडा हरवला कीं रिकामी जागाच त्याचें नांव सांगते. गंजिफेंत अशी जागा उरत नाहीं. ती गणितानें काढावी लागते.

समजा, गठ्ठ्यांत ८३ पानें आहेत. प्रथम चिन्हें वेगळीं करावीं. मासा, शंख, चक्र, परशु हीं निघालीं तर संच दशावतारी. मुकुट, नाणें, दास हीं निघालीं तर मोगली. तलवार दोहोंकडे येते, मोगलींत स्वतंत्र रंग म्हणून आणि दशावतारींत पुष्कळदां कल्कीची खूण म्हणून. सबब एकट्या तलवारीवर निर्णय करूं नये. आतां हा संच दशावतारी ठरला, तर ३७ पानें गेलीं. तीं कोणतीं गेलीं हें पाहणें त्याहून महत्त्वाचें. खेळतां खेळतां हरवलेलीं पानें सर्व रंगांत विखुरलेलीं असतात. कासवाचीं बाराही पानें एकदम नाहींत असें दिसलें, तर तो रंग कोणीतरी वेगळा काढला असला पाहिजे. दहाही राजे नाहींत आणि दुर्री-तिर्री मात्र शाबूत आहेत, तर कोण्या संग्राहकाचा हात तेथें फिरून गेला हें सांगावयास ज्योतिषी नको! याच्या उलट शंखाची सत्ती दोनदां आली, तर दोन संच एकत्र झाले आहेत, किंवा एक पान मागाहून करविलेलें आहे.

असें मागाहून केलेलें पान ‘खोटें’ म्हणून काढून टाकण्याची प्रवृत्ति दिसते. ती सर्वस्वीं चुकीची आहे. खेळ बहुधा तिघांचा; १२० पानें वांटलीं म्हणजे प्रत्येकास ४० येतात, शिल्लक कांहीं राहत नाहीं. गेलेलीं पानें लक्षांत ठेवून हातांतलें कोणतें पान आतां सर्वांत वरचढ हें ओळखणें, हेंच यांतलें कौशल्य. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. त्यामुळें स्मरणाची कसोटी अधिकच लागते. एक पान नाहींसें झालें कीं सगळा हिशेब बिघडतो. म्हणून घरांतल्या कोणीतरी पुठ्ठा कापून, वेडावांकडा शंख काढून, उणीव भरून काढली. हा संच अमक्या घरांत खरोखर खेळला जात होता याचा तो लेखी दाखलाच समजावा.

राजाचीं पानें मूळ संचांतच कां राहावीं, याचें उत्तर नवव्या अवताराजवळ मिळतें. ओडिशांतील दशावतारचित्रांत बुद्धाच्या ठिकाणीं जगन्नाथ येतो, महाराष्ट्रांतील चित्रांत पुष्कळदां विठोबा. हें एक पान जाग्यावर असलें तर संचाच्या प्रदेशाविषयीं कांहीं बोलतां येतें. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं १८९५ सालीं बंगालमधील विष्णुपूरच्या गोल पानांवर लिहितांना त्यांत बुद्धाचा क्रम पांचवा येतो यावरूनच खेळाच्या प्राचीनतेचा तर्क बांधला. तर्क कोणास पटो वा न पटो. निवडून घेतलेल्या दहा राजांवरून तो वाद मांडतांही आला नसता.

आमच्या वडखळावरून जाणारा मुंबई-गोवें रस्ता पुढें ज्या सावंतवाडी भागांतून जातो, तेथील चितारी मंडळी चिंचोक्याच्या खळीनें थर चिकटवून, रंगवून, लाखेचा हात देऊन गंजिफा करीत. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला लोपत आली होती. पुढें शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांत तिचें पुनरुज्जीवन केलें, आणि २०२४ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. आनंदाचीच गोष्ट, पण पुनरुज्जीवनानंतरचे पहिले संचही आतां जुने दिसूं लागले आहेत, आणि विकणाराच्या तोंडीं सगळ्याच गंजिफा पेशवेकालीन असतात! यास्तव संच कोठून व कोणाकडून आला, हें मिळाल्या दिवशींच लिहून ठेवावें.

पानांवर क्रमांक घालूं नयेत. वेगळ्या कागदावर रंगवार यादी करावी व नसलेल्या पानांपुढें फुली मारावी. कडा उकलली असल्यास आंतल्या कागदावर कांहीं लिहिलें आहे काय, या उत्सुकतेनें थर सोडवूं नयेत. सरकत्या झांकणाची रंगीत पेटी असेल तर ती संचाबरोबरच ठेवावी, मग तिचें झांकण हरवलेलें कां असेना. ९६ पानांची पेटी कीं १२० ची, हें तिच्या मापावरून पुष्कळदां कळतें.