मजकूर संपादकाची पॅकेज विभागणी

मजकूर संपादकाची पॅकेज विभागणी म्हणजे मुक्त स्रोत मजकूर संपादकाचा आवश्यक गाभा एका पॅकेजमध्ये ठेवून चित्रमय खिडकी, शुद्धलेखन तपासणी, साहाय्यपुस्तिका इत्यादी ऐच्छिक सुविधा स्वतंत्र पॅकेजांतून पुरवण्याची पद्धत होय. डेबियन, फेडोरा आदी लिनक्स वितरणांत ती रूढ आहे. कोणती सुविधा ऐच्छिक मानावी, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न असून मराठीत लिहिणाऱ्यांवर त्याचा थेट परिणाम होतो.

कारणे

पडदा न जोडलेल्या सर्व्हरवर चित्रमय खिडकीचा उपयोग नसतो. तरीही ती संपादकासोबत आल्यास तिला लागणाऱ्या अनेक लायब्रऱ्याही स्थापित कराव्या लागतात. विभागणीमुळे साठवणुकीची जागा वाचते आणि सुरक्षाविषयक अद्यतने कमी घटकांना करावी लागतात. काही वेळा परवाना हेही कारण असते. ईमॅक्स या संपादकाच्या साहाय्यपुस्तिकांतील काही भाग बदलण्यास परवान्यानुसार मनाई आहे. अशा पुस्तिका डेबियनच्या मुक्ततेच्या व्याख्येत बसत नाहीत, असा निर्णय २००६ मध्ये मतदानाने झाला. त्यामुळे त्या मुख्य संग्रहाबाहेरील वेगळ्या पॅकेजात आहेत.

स्वरूप

विभागणी मुख्यतः तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात एकाच मूळ आज्ञावलीपासून वेगवेगळ्या आवृत्त्या तयार करतात. ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हिम या संपादकाची डेबियनमध्ये व्हिम-टायनी ही लहान, व्हिम-नॉक्स ही चित्रमय खिडकी नसलेली आणि व्हिम-जीटीके३ ही खिडकीसह, अशी पॅकेजे मिळतात. दुसऱ्या प्रकारात अनेक आवृत्त्यांना लागणाऱ्या संचिका सामाईक पॅकेजात ठेवतात. व्हिमची साहाय्यपुस्तिका व्हिम-रनटाइममध्ये असते. तिसऱ्या प्रकारात सुविधा प्लगिन म्हणून मागाहून जोडता येतात. ईमॅक्सच्या २४व्या आवृत्तीपासून (२०१२) अशी पॅकेजे संपादकातूनच घेता येतात.

पॅकेजांचे परस्परसंबंध 'आवश्यक', 'शिफारस' आणि 'सूचना' अशा श्रेणींत नोंदवतात. आवश्यक पॅकेजाविना संपादक स्थापित होत नाही. शिफारस केलेले पॅकेज डेबियन ५.० (२००९) पासून आपोआप येते, पण ते नाकारता येते. सुचवलेले पॅकेज वापरकर्त्याने स्वतः मागावे लागते.

देवनागरी आणि मराठी

यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट होतात. अशी अक्षरे हाताळण्याची सोय व्हिममध्ये अनेक वर्षे ऐच्छिक होती. ती वगळून तयार केलेल्या आवृत्तीत मराठी मजकूर नीट संपादित करता येत नसे. २०१९ मध्ये ही सोय कायमची गाभ्यात आली. ईमॅक्समध्येही असेच घडले. विविध लिप्यांच्या टंकलेखन पद्धतींचा लेइम हा संग्रह पूर्वी वेगळा उतरवून घ्यावा लागे; २२व्या आवृत्तीपासून (२००७) तो मूळ संपादकाचा भाग झाला.

टंक व शब्दसंग्रह मात्र आजही स्वतंत्र आहेत. फेडोरात मराठी शुद्धलेखनाचा शब्दसंग्रह हनस्पेल-एमआर या पॅकेजात असतो. संपादकात तपासणीची यंत्रणा असली, तरी हे पॅकेज नसल्यास मराठी शब्द तपासता येत नाहीत. लोहित देवनागरी हा टंकही वेगळ्या पॅकेजात आहे. लोहित टंकांच्या विकासात रेड हॅट कंपनीच्या पुणे येथील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. विखुरलेली पॅकेजे एकत्र आणण्यासाठी फेडोरा २४ (२०१६) पासून लँगपॅक्स-एमआरसारखी भाषावार पॅकेजे दिली जातात. ती स्थापित केल्यावर संबंधित मराठी पॅकेजे सोबत येतात.

मर्यादा

विभागणीमुळे एखादी सुविधा अस्तित्वात असूनही ती नाही, असा समज होऊ शकतो. व्हिम-टायनीमध्ये आज्ञावलीचे शब्द रंगांत दिसत नाहीत आणि केवळ तेच पॅकेज असल्यास साहाय्यपुस्तिकाही उघडत नाही. नवशिक्याला हा संपादकातील दोष वाटतो; प्रत्यक्षात त्यासाठी दुसरे पॅकेज स्थापित करावे लागते. इंटरनेट जोडणी नसलेल्या संगणकावर अशी पॅकेजे आधीच आणून ठेवावी लागतात.